रुग्णाचे बिल आणि व्यापाराचे करार



सालाबादप्रमाणे संस्थेचा ताळेबंद व उत्पन्न-खर्चाचे पत्रक या अहवालात अन्यत्र दिले आहे. त्यातील ‘औषधे व शस्त्रक्रिया साहित्य’ या बाबीविषयी आमच्याकडे दरवर्षी विचारणा होते. रुग्णालय धर्मादाय असताना या बाबीवर एवढी रक्कम का खर्ची पडते, असे देणगीदार विचारतात. एका दुखण्याची गोळी दोन रुपयांस मिळते, तर दुसऱ्या दुखण्याची एकच गोळी हजारांच्या घरात कशी जाते, असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या उत्तराचा काही भाग आमच्या खरेदी विभागात सापडेल. परंतु बराच मोठा भाग देशोदेशींच्या सरकारांनी केलेल्या व्यापारविषयक करारांत आणि त्या करारांना अनुसरून आपल्या संसदेने केलेल्या कायद्यांत दडलेला आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे करार आणि लोकांना मिळणाऱ्या सार्वजनिक सेवा यांचा परस्परसंबंध काय, हे आरोग्यसेवेच्या उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आपला कसा?

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००६ साली अमलात आलेली योजना लागू आहे. तीनुसार एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. या रुग्णांच्या उपचारांसाठी, इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा केली जाते. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची देखरेख या गोष्टी रुग्णालयाच्या स्वतःच्या असतात. त्या विनामूल्य देणे आपल्या हाती असते. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि शरीरात बसवावयाची इम्प्लांट मात्र बाहेरून विकत आणावी लागतात आणि त्यांची खरेदी किंमत निधीतून भागवावी लागते.

खरी मेख येथेच आहे. निधी टक्केवारीने बांधलेला असतो. दारी येणाऱ्या गरजू रुग्णांची संख्या कोणी ठरवू शकत नाही. उरतो तिसरा आकडा, तो औषधाच्या किमतीचा. ही किंमत दुप्पट झाली, तर त्याच निधीतून निम्म्याच रुग्णांचे औषध होते. शासकीय रुग्णालयांची स्थितीही याहून निराळी नाही, कारण त्यांचेही अंदाजपत्रक वर्षारंभी ठरून जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते व त्यातच सर्व भागवावे लागते. यास्तव औषधाची किंमत वाढविणारा अथवा उतरविणारा कोणताही नियम, मग तो कितीही दूरवर ठरलेला असो, अखेरीस आपल्या वॉर्डातील खाटेपर्यंत येऊन पोहोचतो.

करार कोणते?

१९९०च्या दशकाच्या आरंभी ‘डंकेल’ हा शब्द महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचला होता, हे आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. गॅट या संस्थेचे तत्कालीन महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मांडलेल्या मसुद्यावरून हे नाव पडले. त्या वेळची चर्चा प्रामुख्याने शेतकऱ्याच्या बियाण्याभोवती फिरत राहिली. औषधांकडे सामान्यजनांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. पुढे १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे.

या संघटनेच्या छत्राखाली अनेक करार आहेत. त्यांपैकी दोहोंचा आरोग्यसेवेशी निकटचा संबंध येतो. एक, सेवांच्या व्यापाराचा ‘गॅट्स’ करार. आणि दुसरा, व्यापाराशी निगडित बौद्धिक संपदा हक्कांचा ‘ट्रिप्स’ करार.

सेवांचा करार

‘गॅट्स’ करारानुसार सरकारने आपल्या अधिकारात पुरविलेल्या सेवा कराराच्या कक्षेबाहेर राहतात. परंतु अशी सेवा व्यापारी तत्त्वावर चालता कामा नये आणि तिची इतर पुरवठादारांशी स्पर्धाही असता कामा नये, अशी अट त्याच कलमात आहे. त्यामुळे जेथे सरकारी रुग्णालये, धर्मादाय रुग्णालये आणि खासगी रुग्णालये एकाच शहरात शेजारी शेजारी काम करतात व काही रुग्णांकडून शुल्कही घेतात, तेथे ही सूट नेमकी कोठवर लागू पडते, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत.

तथापि या कराराने कोणत्याही देशावर आपली सर्व क्षेत्रे खुली करण्याची सक्ती केलेली नाही. प्रत्येक देशाने आपली यादी स्वतः द्यावयाची आणि यादीत लिहिले तेवढेच बंधन पाळावयाचे, अशी त्याची रचना आहे. भारताने आपल्या यादीत रुग्णालय सेवेचा समावेश करताना परदेशी भागभांडवलाची मर्यादा ५१ टक्के लिहून दिली. पुढे २००० साली सरकारने स्वतःच्या धोरणाने रुग्णालयांत १०० टक्के परदेशी गुंतवणुकीस मुभा दिली. वाचकांस प्रश्न पडेल, की मग या दोहोंत फरक तो काय? फरक मोठा आहे. स्वतःहून दिलेली मुभा सरकारला उद्या अनुभवाअंती आटोपती घेता येते. करारात लिहून दिलेले वचन मागे घ्यावयाचे, तर ज्या देशांचे त्यामुळे नुकसान होईल त्यांना दुसऱ्या क्षेत्रात भरपाई द्यावी लागते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिला वर्षाचा खर्च आहे आणि दुसरे दीर्घ मुदतीचे कर्ज. सार्वजनिक सेवांविषयीच्या कोणत्याही करारात ही एकच गोष्ट प्रथम पाहावी: आज काय दिले, यापेक्षा उद्या निर्णय बदलण्याची मोकळीक किती राखली.

पेटंटची कथा

दुसरा करार बौद्धिक संपदेचा. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्यास ठरावीक मुदतीपुरता दिलेला एकाधिकार. त्यात दोन प्रकार संभवतात आणि घरातलेच उदाहरण घेतले तर ते सहज उमगतात. पुरणपोळी या पदार्थावरच पेटंट दिले, तर दुसऱ्या कोणासही कोणत्याही रीतीने पुरणपोळी करता येणार नाही. हे झाले उत्पादनाचे पेटंट. मात्र पुरणपोळी करण्याच्या एका विशिष्ट रीतीवर पेटंट दिले, तर दुसरी सुगरण वेगळ्या रीतीने तोच पदार्थ करू शकेल. हे झाले प्रक्रियेचे पेटंट.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे इंग्रजी अमदानीतला १९११ चा पेटंट कायदा लागू होता. औषधांच्या किमती भारतात जगातील सर्वाधिक किमतींच्या पंक्तीत बसतात, असे निरीक्षण अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीनेही नोंदविले होते. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला व तो १९७२ साली अमलात आला. त्याने औषधांवर उत्पादनाचे पेटंट देणे बंद केले. प्रक्रियेचे पेटंट तेवढे ठेवले व त्याची मुदतही थोडकी केली. या एका कायद्याच्या आधाराने भारतीय औषध कारखानदारी वाढली आणि एकच औषध अनेक कंपन्या बनवू लागल्याने किमती खाली आल्या.

त्याचे सर्वांत ठळक फळ २००१ साली जगाने पाहिले. एचआयव्हीबाधितांना लागणाऱ्या तीन औषधांच्या एकत्रित उपचारास त्या काळी दरवर्षी माणशी १०,००० ते १५,००० डॉलर पडत. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी तोच उपचार एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी वैद्यकीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला सुमारे एका डॉलरमध्ये देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे शासकीय रुग्णालयांतून मोफत देण्यास आरंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. ज्या औषधाचा खर्च लाखांत गेला असता, ते सरकारी केंद्रातून मोफत देण्याची सार्वजनिक सेवा उभी राहू शकली, ती किमती उतरल्या म्हणूनच.

मात्र हे घडत असतानाच परिस्थिती पालटत होती. ‘ट्रिप्स’ करारान्वये सर्व सदस्य देशांनी औषधांवर उत्पादनाचे पेटंट द्यावे आणि त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून किमान २० वर्षे असावी, असे ठरले. भारतास त्यासाठी १ जानेवारी २००५ पर्यंत अवधी मिळाला आणि संसदेने २००५ साली पेटंट कायद्यात त्याप्रमाणे दुरुस्ती केली. १९९५ पूर्वीच्या औषधांवर याचा परिणाम झाला नाही. आपल्या औषध भांडारातील नेहमीची बहुसंख्य औषधे पेटंटमुक्त आहेत, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. प्रश्न येतो तो कर्करोग, औषधांस दाद न देणारा क्षयरोग, यकृताचे विकार अशा आजारांवरील नव्या औषधांचा. म्हणजे नेमक्या त्याच आजारांचा, ज्यांत कुटुंब कर्जबाजारी होते.

करारातील मोकळ्या जागा

‘ट्रिप्स’ कराराने बंधने घातली, तशा काही जागा मोकळ्याही ठेवल्या. कोणता शोध खरोखर ‘नवा’ मानावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाकडे राहिला. सार्वजनिक हितासाठी पेटंटधारकाच्या संमतीविना, परंतु त्यास मोबदला देऊन, दुसऱ्या उत्पादकास परवानगी देण्याची तरतूदही राहिली. १४ नोव्हेंबर २००१ रोजी कतारमधील दोहा येथे सर्व सदस्य देशांनी घोषणा केली, की हा करार सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाच्या आड येत नाही व येता कामा नये. भारताने या मोकळ्या जागांचा उपयोग कसा केला, याची तीन उदाहरणे पुढे देत आहोत.

पहिले उदाहरण कलम ३(घ) चे. हे कलम इंग्रजीत ‘थ्री डी’ म्हणून ओळखले जाते. ज्ञात औषधाचे केवळ रूप बदलले आणि त्याची गुणकारकता वाढली नाही, तर त्यास पेटंट नाही, असे ते सांगते. एका औषधाच्या पेटंटची मुदत संपत आली, की त्यात किरकोळ फेरफार करून आणखी २० वर्षांचा एकाधिकार मिळविण्याच्या प्रथेस त्याने पायबंद घातला. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेला अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली फेटाळला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. या औषधाचा महिन्याचा खर्च मूळ कंपनीच्या दराने सुमारे रु. १,२०,००० आणि भारतीय कंपन्यांच्या दराने सुमारे रु. ८,००० ते १०,००० असल्याचे त्या काळी सर्वत्र सांगितले जात होते.

आता निर्धन रुग्ण निधीचे गणित मांडून पाहू. हे औषध रुग्णास वर्षानुवर्षे घ्यावे लागते. पहिल्या दराने एका रुग्णाचा वर्षाचा खर्च रु. १४,४०,००० होतो. एवढी रक्कम निधीत २ टक्क्यांनी जमा व्हावयाची, तर रुग्णालयाची एकूण बिले रु. ७ कोटी २० लाखांची असावी लागतील. आणि तीही एका रुग्णासाठी. रु. ८,००० च्या दराने तोच वर्षाचा खर्च रु. ९६,००० येतो व त्यासाठी रु. ४८ लाखांची बिले पुरतात. न्यायालयाच्या एका निकालाचा अर्थ धर्मादाय रुग्णालयाच्या खतावणीत असा उमटतो.

दुसरे उदाहरण सक्तीच्या परवान्याचे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ‘नेक्साव्हार’ या औषधाचे पेटंट बायर कंपनीकडे होते. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत रु. २,८०,४२८ होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस हे औषध बनविण्याचा परवाना दिला. औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, परवडणाऱ्या किमतीस मिळत नाही आणि त्याचे उत्पादन भारतात होत नाही, अशी तीन कारणे आदेशात दिली होती. नॅटकोने महिन्याचे औषध रु. ८,८८० हून अधिक किमतीस विकू नये, बायरला विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे (ते पुढे ७ टक्के झाले) आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यावे, अशा अटी घातल्या गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा आदेश उचलून धरला व त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दात्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की रु. १० लाखांच्या देणगीतून पूर्वी एका रुग्णाचे साडेतीन महिन्यांचे औषध झाले असते. नव्या किमतीने नऊ रुग्णांचे वर्षभराचे औषध होऊन वर काही रक्कम शिल्लक राहते.

तिसरे उदाहरण हरकत घेण्याच्या हक्काचे. आपल्या कायद्यात पेटंट देण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्यास हरकत घेऊ शकते. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील ‘बेडाक्विलिन’ या औषधाचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने औषधाच्या क्षाररूपावर दुसरे पेटंट मागितले होते. ते मिळते, तर एकाधिकार २०२७ पर्यंत लांबला असता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयरोगातून बऱ्या झालेल्या. उपचारातील जुन्या, विषारी परिणाम करणाऱ्या औषधांमुळे दोघींनीही आपली श्रवणशक्ती गमावली होती. त्यांनी २०१९ साली हरकत दाखल केली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि मूळ मुदत संपताच अन्य उत्पादकांस वाट मोकळी झाली. क्षयरोगाचा उपचार आपल्या देशात सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य होतो. त्यामुळे येथे वाचलेला पैसा थेट सार्वजनिक तिजोरीतील पैसा होय.

दुसरी बाजू

संशोधक कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. नवे औषध शोधण्यास दीर्घ काळ आणि प्रचंड भांडवल लागते, अनेक प्रयत्न वाया जातात आणि यशस्वी औषधाच्या विक्रीतूनच पुढील संशोधनाचा खर्च निघतो, असे त्या सांगतात. हे म्हणणे निराधार नाही. उद्याचे औषध आज कोणीतरी शोधले पाहिजे आणि ते शोधणाऱ्यास मोबदला मिळालाच पाहिजे. म्हणूनच सक्तीच्या परवान्यातही स्वामित्वशुल्काची तरतूद आहे. वादाचा मुद्दा मोबदला किती काळ व किती, आणि ज्यांच्यापाशी तो देण्याची ऐपत नाही त्यांनी उपचाराविना राहावे काय, एवढाच आहे.

शिवाय मोकळ्या जागा कागदावर असणे निराळे आणि त्या वापरता येणे निराळे. थायलंडने २००६-०७ मध्ये एचआयव्ही व हृदयविकारावरील औषधांसाठी सरकारी परवाने दिले, तेव्हा २००७ साली अमेरिकेने त्या देशाचे नाव आपल्या ‘विशेष लक्ष ठेवण्याच्या’ यादीत घातले. कोविडच्या साथीत भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी लशी, औषधे व निदान साधनांवरील बौद्धिक संपदेची बंधने तात्पुरती शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर निर्णय व्हावयास १७ जून २०२२ उजाडला आणि तोही केवळ लशींपुरता. साथ मात्र वाटाघाटींसाठी थांबली नव्हती.

किमतीवरील मर्यादा आणि व्यापारी दबाव

पेटंटशी संबंध नसलेले, परंतु आपल्या हृदयरोग विभागास जवळचे असे एक उदाहरण येथे दिले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयातील रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी रु. ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटसाठी रु. २९,६००, अधिक कर, अशी ती मर्यादा होती. तत्पूर्वी अनेक औषधलेपित स्टेंटची छापील किंमत लाखाच्या वर असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही मर्यादा आली.

याविरुद्ध अमेरिकेतील वैद्यकीय उपकरण उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली. अमेरिका विकसनशील देशांच्या काही मालास आयातशुल्कात सवलत देत असे. ती भारतास चालू ठेवावी काय, याची फेरतपासणी २०१८ साली सुरू झाली. दुग्धव्यवसायाचीही तशीच तक्रार होती. ५ जून २०१९ पासून भारताची ती सवलत बंद झाली. ही सवलत करार नसून एकतर्फी देणगी होती, त्यामुळे ती काढून घेण्यास कोणाची आडकाठी नव्हती. भारताने स्टेंटवरील मर्यादा मागे घेतली नाही, ही समाधानाची गोष्ट. पण रुग्णाच्या छातीतील स्टेंटची किंमत आणि निर्यातदाराच्या मालावरील जकात एकाच तराजूत तोलली जाऊ शकते, हा धडा विसरता येण्याजोगा नाही.

नव्या करारांत काय पाहावे?

जागतिक व्यापार संघटनेतील वाटाघाटी मंदावल्यामुळे आता दोन देशांत अथवा देशांच्या गटांत थेट करार होतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला व तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. अशा करारांत ‘ट्रिप्स’हून अधिक कडक अटी घालण्याची मागणी होत असते. त्यांपैकी तीन अटींची ओळख सामान्य नागरिकासही असावी.

पहिली अट, चाचण्यांच्या माहितीवरील एकाधिकार. नवे औषध सुरक्षित असल्याचे दाखविणारी माहिती मूळ कंपनीने सरकारला दिलेली असते. तिच्या आधारे इतरांच्या औषधास काही वर्षे मंजुरी देऊ नये, अशी ही मागणी. ती मान्य झाल्यास पेटंट नसलेल्या औषधावरही एकाधिकार निर्माण होतो. वर सांगितलेल्या चार देशांच्या गटाने ती केली होती. भारताने मान्य केली नाही.

दुसरी अट, पेटंटची मुदत २० वर्षांहून पुढे वाढविण्याची. तिसरी, सक्तीच्या परवान्याचा मार्ग अरुंद करण्याची. ब्रिटनशी झालेल्या करारात दोहा घोषणेचा आदर राखला आहे. परंतु औषधे उपलब्ध करून देण्याचा श्रेयस्कर व इष्टतम मार्ग कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेले परवाने हा होय, असेही त्यात नमूद आहे. या वाक्याने कायदा बदलत नाही. पण उद्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे सक्तीच्या परवान्याचा अर्ज येईल, तेव्हा हेच वाक्य त्याच्यासमोर ठेवले जाईल, असे आम्हांस वाटते.

देशांतर्गत नियमांकडेही लक्ष हवे. पेटंट घेतलेल्या वस्तूचे उत्पादन व विक्री भारतात कितपत होते, याचे विवरण पेटंटधारकाने द्यावयाचे असते. नेक्साव्हारच्या प्रकरणात अशा विवरणांचा उपयोग झाला होता. मार्च २०२४ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीने हे विवरण दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यावयाचे ठरले. बदल लहान दिसतो. परंतु ज्यांना हरकत घ्यावयाची त्यांच्या हातची माहिती त्याने विरळ झाली.

आपण काय करू शकतो?

करार करणे हे सरकारचे काम आहे आणि त्यात व्यापार, रोजगार, निर्यात अशा अनेक बाबींचा विचार त्यास करावा लागतो, याची आम्हांस जाणीव आहे. निर्यात वाढली तर औषध कारखान्यांतील कामगाराचेही भले होते. रुग्णालयाने राजकारणात पडावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तथापि आपापल्या जागी काही गोष्टी निश्चित करता येतील.

रुग्णालय म्हणून आम्ही खरेदी समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक महागड्या औषधाबाबत दोन गोष्टी विचारतो: त्यावर पेटंट आहे काय, आणि असल्यास ते केव्हा संपते. मुदत संपलेल्या औषधासाठी एकाच कंपनीच्या नावाचा आग्रह न धरता, गुणवत्तेची खात्री करून अनेकांकडून दर मागविले जातात. रुग्णांच्या नातेवाइकांनी औषधाच्या मूळ नावाने स्वस्त पर्याय आहे काय, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांस निःसंकोच विचारावे; मात्र आपल्या मनाने औषध बदलू नये वा बंद करू नये. निर्धन रुग्ण निधीसाठी आपण पात्र आहोत काय, याची चौकशी वैद्यकीय समाजसेवकांकडे दाखल होतानाच करावी.

देणगीदारांस आमची विनंती अशी, की देणगी एखाद्या विशिष्ट औषधाच्या नावे बांधून न देता औषध साहाय्य निधीस द्यावी. औषधाची किंमत उतरली, की मोकळी राहिलेली रक्कम दुसऱ्या रुग्णाकडे वळविता येते. बांधलेली रक्कम अडून राहते. आणि विश्वस्तांपैकी जे विविध व्यापारी मंडळांवर आहेत, त्यांनी अशा करारांच्या चर्चेत आरोग्यसेवेचा हा हिशेबही मांडावा. निर्यातदारांचा आवाज तेथे पोहोचतोच. खाटेवरच्या रुग्णाचा पोहोचविणारे थोडे असतात.

आपल्या दानाचा एकेक रुपया किती दूर जातो, हे आमच्या काटकसरीवर जितके अवलंबून आहे तितकेच या मोकळ्या जागा राखल्या जाण्यावरही अवलंबून आहे. १९७० चा कायदा, २००५ चे कलम ३(घ), २०१२ चा परवाना आणि २०२३ ची हरकत या चारही गोष्टी जागरूक माणसांच्या प्रयत्नांनी घडल्या. त्यांतील शेवटची तर दोन रुग्णांनी घडविली. 

व्यवस्थापन विभागाच्या वतीने
रुग्णालय प्रशासक